फ्रिजशेजारचा चौरंग

सोलापूरच्या आमच्या घरात हातोडी होती, पण ती बदाम फोडायला. खिळा मारायचा असला तरी गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना हाक जायची. काका यायचे, कानावर पेन्सिल, हातात गुण्या. ओसरीत बसून रंधा मारायचे आणि आम्ही पोरं सागाच्या कुरळ्या ढलप्या कानात अडकवून मिरवायचो. सुतारकाम म्हणजे आपण चहा नेऊन द्यायचा, एवढीच माझी समजूत होती.

कॅनडात, म्हणजे ऑन्टारिओत, चहा प्यायला कुणी येत नाही. सुताराचे दर ऐकूनच माणूस स्वतः करवत हातात घेतो. आमच्या रस्त्यावर शनिवारी सकाळी प्रत्येक गॅरेजमधून घरघर ऐकू येते. गेल्या गणपतीच्या आधी मलाही जोर चढला. म्हटलं, चौरंग घरीच करायचा. बायको म्हणाली, "ऑनलाइन मिळतो." पण माणूस इंजिनिअर असला की असलं काही ऐकू येत नाही. आलेखाच्या कागदावर रीतसर नकाशा काढला. वर ६ इंची ३ फळ्या, म्हणजे १८ इंच. मध्ये मूर्ती, दोन्ही बाजूंना समया.

फळ्या घरी आणून जोडून ठेवल्या. भरल्या साडेसोळा इंच. टेप बदलला, तरी तेवढंच. मग शोधाशोध केल्यावर कळलं की इथे 'एक बाय सहा' म्हणून जी फळी विकतात ती पाऊण बाय साडेपाच इंच असते. 'दोन बाय चार' तर दीड बाय साडेतीन, मिलिमीटरमध्ये ३८ बाय ८९. नावातलं माप करवतीखालून ओबडधोबड निघालेल्या लाकडाचं. पुढे ते वाळतं, रंधून गुळगुळीत होतं, अंगाने उतरतं, पण नाव जुनंच राहतं. आमच्या मंडईत कुणी किलो म्हणून साडेसातशे ग्रॅम दिलं असतं, तर बाकीचं अडीचशे आईने तोंडी वसूल केलं असतं. इथे सगळे शिस्तीत रांग लावून घेऊन जातात. समया अर्थातच खाली गेल्या.

पुढची अडचण स्क्रूची. मी आपल्याकडचा फुलीचा ड्रायव्हर घेऊन बसलो आणि डबी उघडली तर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यात चौकोनी भोक. हे इथलं लाडकं प्रकरण आहे. पी. एल. रॉबर्टसन नावाच्या कॅनडियन माणसाने १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याचा कारखाना ऑन्टारिओतल्याच मिल्टन गावात होता. चौकोनी टोक भोकात असं घट्ट बसतं की स्क्रू आडवा धरला तरी पडत नाही. एका हाताने काम होतं, दुसरा हात कपाळाला लावायला मोकळा. जोडकामात तेवढी एकच गोष्ट माझ्या हातून धड झाली.

चौरंग उभा राहिला, तोही स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. आणि डुगडुगला. मी एक पाय थोडा कापला. मग समोरचा. डुगडुग थांबली. त्या आनंदात रात्री सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा तिकडे सकाळ. आईने फोन थेट काकांच्या दारात नेला. काकांनी चष्मा वर केला.

"काय करायलास बे? फिरवून बघितलास का?"

"काय फिरवून?"

"चौरंग. जागच्या जागी फिरवायचा. तोच पाय उचलला तर चौरंगात खोट. पाय बदलला तर फरशीत."

फिरवला. घोडा उधळावा तसा नाचला. ओट्यावर ठेवला, तिथेही नाचला. म्हणजे चौरंग मुळात सरळ होता, वाकडी होती आमच्या सत्तर वर्षांच्या लाकडी घराची जमीन. मी चांगले पाय कापून चौरंग त्या वाकड्या जमिनीच्या मापाचा करून ठेवला होता. काका काही बोलले नाहीत. आईकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरगा इंजिनिअर झाला नव्हं?"

तर गणपती फ्रिजशेजारी बसले. दीड दिवस आम्ही दूध अर्ध्या उघड्या दारातून काढलं.

जानेवारीत आई गड्ड्याच्या यात्रेतून फोनवर गर्दी दाखवत होती आणि इकडे 'टक्' असा आवाज झाला. चौरंगाला मधोमध चीर. हिवाळाभर हीटर चालतो, घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, आणि लाकूड आटतं. आटतं ते रुंदीत, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच. मी मात्र खालून आडव्या पट्ट्या गोंद आणि स्क्रू, दोन्ही लावून आवळल्या होत्या. फळीला हलायला जागाच नाही, मग ती फाटली. काकांचा पहिला प्रश्न होता, "पट्टीची भोकं लांबट ठेवलीस का?" ते भोक लांबट असलं की स्क्रू फळीबरोबर सरकतो म्हणे. हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी पुढे ढकललं असेल.

"आता काय करू?"

"काय करू नकोस. पावसाळ्यात आपलं दार फुगतंय की नाही? तसं मिटंल."

इथला उन्हाळा चांगलाच दमट असतो. जानेवारीत त्या चिरेत एटीएम कार्ड जात होतं, जुलैत कागदसुद्धा जाईना. फ्रिजचं दार मात्र अजून अर्धंच उघडतं, कारण चौरंग दुसरीकडे कुठे उभाच राहत नाही.