दादा त्या दिवशी गप्प बसला

तोतरेपणा असलेली बरीच माणसं शब्द बदलण्यात तरबेज होतात. पुढचा शब्द अडणार हे तो ओठांवर येण्याआधीच त्यांना कळतं आणि तेवढ्या वेळात ती दुसरा शब्द शोधतात. ‘पाणी’ अडणार असं वाटलं की ‘तहान लागलीय’ म्हणतात. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण स्वतःचं नाव, आकडे आणि औषधांची नावं बदलून कशी सांगणार? वाचा-उपचाराच्या माझ्या कामात भेटलेल्या कितीतरी जणांना सगळ्यात जड जातं ते स्वतःचं नाव. काहीजण अनोळखी ठिकाणी सरळ दुसरंच नाव सांगून मोकळे होतात.

मी ज्या मुलाबद्दल लिहितेय तो नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. म्हणजे ज्या कामात दिवसभर नावं, आकडे आणि औषधांची नावंच बोलावी लागतात, नेमकं ते काम त्याने निवडलं होतं. त्याची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पहिल्या भेटीला तो मोठ्या भावाबरोबर आला. मी त्याला नाव विचारलं, ते दादाने सांगितलं. कोणत्या वर्षाला आहेस, तेही दादानेच. त्रास कधीपासून, तेही. मुलगा खाली बघत बसला होता आणि मधूनमधून मान हलवत होता. दादाबद्दल कुणी वाईट मत करून घेऊ नये म्हणून आधीच सांगते, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. शाळेत याला चिडवणाऱ्या पोरांशी तो भांडला होता. घरी आलेला प्रत्येक फोन त्याने उचलला होता. धाकट्याचं वाक्य अडलं की ते पूर्ण करायचं, हे तो लहानपणापासून इतक्या मायेने करत आला होता की आपण काही करतोय हेही त्याला जाणवत नसे.

“मॅडम, आमचं लहानपणी काही चुकलं का?” हा प्रश्नही त्यानेच विचारला. घरची माणसं हा प्रश्न विचारतातच आणि मी त्याचं उत्तर घाईत देत नाही. तोतरेपणा सहसा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. शंभरातल्या साधारण पाच मुलांना तो कधी ना कधी होतो, त्यातली बहुतेक त्यातून आपोआप बाहेर येतात आणि मोठ्यांमध्ये शंभरात एकाजवळ तो राहतो. पुरुषांमध्ये जास्त. घराण्यात चालत येतो. 2010 मध्ये त्याच्याशी संबंधित काही जनुकंही सापडली. आईवडिलांच्या रागावण्याने किंवा लाडाने तो होत नाही. हे सांगितलं तेव्हा दादाचा चेहरा थोडा मोकळा झाला.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही. तोतरेपणा घरच्यांमुळे होत नसला तरी तो घेऊन जगणारं माणूस कसं घडतं, यात भोवतालच्यांचा फार मोठा हात असतो. आमच्या क्षेत्रात यावर एक काळा अध्याय आहे. 1939 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही मुलांचं बोलणं अगदी व्यवस्थित होतं. त्यांनाच सांगितलं गेलं की तुमच्या बोलण्यात दोष दिसतोय, अडखळायच्या आत थांबा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं तोतरी झाली असं नंतरच्या तपासणीत दिसलं नाही. पण ती मिटत गेली. बोलायला कचरू लागली, वर्गात उत्तर देईनाशी झाली. विद्यापीठाने त्याबद्दल माफी मागितली ती 2001 मध्ये, सहा दशकांनी. मला या प्रयोगाचा आजही संताप येतो. मोठ्या माणसांनी विश्वास काढून घेतला की जीभ शाबूत असलेलं मूलही बोलायचं सोडतं, एवढं कळायला मुलांचं बालपण खर्ची घालायची गरज नव्हती.

आमच्या मुलाकडून कुणी विश्वास काढून घेतला नव्हता. उलट सगळे त्याच्यासाठी झटत होते. तरी तो तसाच मिटला होता, कारण त्याच्यासाठी झटणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या वाट्याचं बोलणं स्वतः उचललं होतं.

तो माझ्याकडे आला त्यामागे एक प्रसंग होता. रुग्णाला रक्त चढवण्यापूर्वी दोघांनी मिळून तपासणी करायची असते. रुग्णाचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीवरचा क्रमांक आणि मुदतीची तारीख. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून पाहायचं. त्या रात्री वाचायची पाळी याची होती. क्रमांकाच्या मध्यावर आवाज अडला. समोरची सहकारी घाईत होती. ती म्हणाली, “बरोबर आहे ना सगळं?” आणि याने मान हलवली. शेवटचे आकडे वाचलेच गेले नाहीत. रुग्णाला काही झालं नाही, पिशवी त्याचीच होती. पण हा रात्रभर त्या पलंगाशेजारी बसून राहिला आणि सकाळी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला. तोंडाने सांगता येईना, म्हणून कागदावर सगळं लिहून दिलं.

सिस्टरनी काय केलं हे मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी तो कागद वाचून त्याला परत दिला आणि म्हणाल्या, “हे तू मला बोलून सांग. मी बसलेय.” त्याला बराच वेळ लागला. त्या बसून राहिल्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “जे केलंस ते पुन्हा कधी चालणार नाही. पण कुणाला कळलं नसतं तरी तू येऊन सांगितलंस, म्हणून तू या कामाला लायक आहेस असं मला वाटतं. माझ्या ड्युटीत तपासणी तूच वाचायची, लागेल तितका वेळ घे.” आणि त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं.

हवाई बेटांपैकी कावाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला होता. अतिशय कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं कर्तबगार, मायाळू, भरवशाची माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, निदान एक तरी मोठं माणूस त्यांच्या पाठीशी ठामपणे उभं होतं. आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. सिस्टरना भेटल्यावर मला तो अभ्यास आठवला. त्यांचं पाठीशी उभं राहणं हे पांघरूण घालणं नव्हतं. चूक त्यांनी चूकच म्हटली, आणि ज्याच्या हातून ती झाली त्याच्याकडून मोठी अपेक्षाही ठेवली.

काही महिने आम्ही काम केलं. अडकलेला शब्द जोर लावून ढकलायचा नाही, अडकल्या जागीच ओठ सैल सोडून त्यातून सरकत बाहेर यायचं. मुद्दाम अडखळून बोलायचं, म्हणजे भीती आपल्या ताब्यात येते. समोरच्याला आधीच सांगायचं, मी तोतरं बोलतो, मला थोडा वेळ लागेल. हे सगळं तो माझ्या खोलीत छान करायचा आणि वॉर्डात गेला की पुन्हा मान हलवायचा. म्हणून मी सिस्टरना विनंती केली की एकदा तुम्हीच या. त्या सुट्टीच्या दिवशी आल्या. दादालाही बोलावलं. त्याला एकच अट घातली, काहीही झालं तरी बोलायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

सिस्टरनी सरावासाठी एक अर्ज आणि पिशवीवर असतं तसं एक लेबल तयार करून आणलं होतं. लेबलवरचा एक आकडा त्यांनी मुद्दाम चुकीचा लिहिला होता. हे मला माहीत होतं, त्याला नाही.

त्याने आधी सांगितलं, “मला वेळ लागेल.” मग वाचायला घेतलं. रुग्णाचं नाव निभावलं. नोंदणी क्रमांक दोनदा अडला, तरी पूर्ण झाला. रक्तगट होता बी पॉझिटिव्ह. ‘प’ हा त्याचा सगळ्यात जुना वैरी, कारण त्याचं स्वतःचं नावही त्याच अक्षराने सुरू होतं. ओठ मिटले ते उघडेनात. आवाज नाही, श्वास नाही, मानेच्या शिरा ताणलेल्या. असा ब्लॉक बाहेरून बघणाऱ्याला काही क्षणांचा असतो, आत असलेल्याला त्याचा काठ दिसत नाही. मी दादाकडे पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती आणि डोळे मिटून घेतले होते. सिस्टर मात्र मुलाच्या डोळ्यांत बघत होत्या, ओठांकडे नाही. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं.

मग त्याने ढकलणं सोडलं. ओठ सैल झाले आणि शब्द हळूच सुटला, “प-प-पॉझिटिव्ह.”

पुढे पिशवीचा क्रमांक. मधेच तो पुन्हा अडला, आणि ठरल्याप्रमाणे सिस्टरनी घाईतल्या सहकारीचं सोंग घेतलं. घड्याळाकडे बघत त्या म्हणाल्या, “चल, बरोबर आहे ना सगळं?”

त्याची मान हलायला लागलेली मी पाहिली. वर्षानुवर्षांची सवय होती ती. पण ती अर्ध्यात थांबली. “थ-थ-थांबा,” तो म्हणाला. “मी अजून वाचतोय.” उरलेले आकडे त्याने एकेक करून वाचले. मग अर्ज पाहिला, पुन्हा लेबल पाहिलं. “नाही. जुळत नाही. हे र-रक्त देता येणार नाही.”

सिस्टर एवढंच म्हणाल्या, “बरोबर.” मी म्हणाले, “तू एकही आकडा सोडला नाहीस.” मी कधीही ‘आज किती कमी अडखळलास’ म्हणत नाही. तसं म्हटलं की न अडखळणं हीच लायकी ठरते, आणि मग माणूस पुन्हा मान हलवायला लागतो.

दादा बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, “मॅडम, मी त्याला मदत करत होतो. त्याला जमतं हे मला माहीतच नव्हतं.” मी त्याला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांच्याबद्दल सांगितलं. सापांना घाबरणाऱ्या माणसांबरोबर त्यांनी काम केलं होतं. आधी दुसऱ्याने साप हाताळलेला पाहायचा, मग कुणीतरी सोबत असताना स्वतः हात लावायचा आणि शेवटी सोबत्याने बाजूला व्हायचं. 1977 मध्ये त्यांनी मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कुणी विश्वासाने सांगितल्याने आणि स्वतःच्या शरीराची धडधड कशी वाचतो त्यावरून. या चारांत सगळ्यात पक्की पहिली वाट. सापाची भीती गेलेल्या काही लोकांनी सांगितलं होतं की त्यांच्या इतर भीत्याही कमी झाल्या. म्हणजे दादाची माया कमी पडली नव्हती. फक्त शेवटची पायरी राहिली होती, बाजूला होण्याची. आणि ती आधीच्या सगळ्या पायऱ्यांइतकीच मायेची आहे, असं मला मनापासून वाटतं.

“मग मी आता करू काय?” त्याने विचारलं. हा प्रश्न मला फार आवडला. सांगितलं, त्याच्याकडे बघत राहा. शब्द पुरवू नकोस. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असं काही सांगू नकोस, स्वतःच जरा सावकाश बोल. तो काय म्हणतोय त्याला उत्तर दे, कसा म्हणतोय त्याला नको. त्याचा फोन वाजला तर वाजू दे.

लोक मला विचारतात की यात स्वभाव घडण्याचा संबंध काय, हा तर बोलण्याचा उपचार आहे. मला तो संबंध रोज दिसतो. अडण्याच्या भीतीने माणूस आधी शब्द बदलतो, मग मत बदलतो, मग माहीत असलेलं उत्तर ‘माहीत नाही’ म्हणतो आणि एखाद्या रात्री न तपासलेल्या गोष्टीला होकार देतो. हा मुलगा खोटारडा कधीच नव्हता, नाहीतर सकाळी कागद घेऊन उभा राहिला नसता. खरेपणा त्याच्यात होताच. तो वेळेवर, सगळ्यांसमोर, तोंडाने बोलून दाखवण्याचं बळ त्याला त्या दोन-तीन माणसांनी आणि स्वतःच्या त्या एका ‘थांबा’ने दिलं.

तो आता नोकरीला आहे. तोतरेपणा गेलेला नाही आणि जाईल असं मी त्याला कधी सांगितलंही नव्हतं. मध्यंतरी त्याने स्वतः फोन केला. रात्रपाळीत रक्त चढवायचं होतं, डॉक्टर घाईत होते, म्हणाले, मी पाहिलंय, लावा. याने सांगितलं, मला वाचून पूर्ण करू द्या, वेळ लागेल. डॉक्टर वैतागले, पण थांबले.

“मग? काही चूक सापडली?” मी विचारलं.

“न-नाही मॅडम. सगळं जुळत होतं. तरी पूर्ण वाचलं.”

मग म्हणाला, “रक्तपेढीला फोन करायचा असला की अजून मी दुसऱ्याला सांगतो. पुढच्या वेळी त्यावर काम करू या का?”