१ नोट्रम्पवर आडवी बोली: लेबेनसोल कार्डावर बसवताना

कोल्हापुरातल्या आमच्या ब्रिजच्या जोड्यांच्या कार्डावर (बोलींचे करार लिहिलेल्या पत्रिकेवर) १ नोट्रम्प (कुठलाच रंग हुकूम नसलेली बोली) म्हणजे १५ ते १७ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), स्टेमन (चार पत्त्यांचा बदाम किंवा इस्पिक विचारणारी बोली) आणि ट्रान्सफर (खालचा रंग बोलून भिडूकडून आपला रंग बोलवून घेणं) हे सगळं पक्कं झालंय. या टप्प्यात हातात घेतला तो त्यापुढचा भाग: भिडूने १ नोट्रम्प म्हटलं आणि त्याच्या डावीकडच्या शत्रूने मध्येच तोंड घातलं, तर काय? नुसतं नाव कार्डावर लिहून करार होत नाही. दुसरी-तिसरी बोली ठरलेली नसेल तर ते नाव न लिहिलेलं बरं.

सोपं आधी उरकलं. डबल (डावाचं मोल वाढवणारी शत्रूची बोली) आला तर आपली पद्धत जशीच्या तशी चालू. आपला रिडबल (डबलवर डबल) म्हणजे ८ किंवा जास्त गुण, इथेच खेळू. खऱ्या किलवरची २ किलवर आली तर आपला डबल म्हणजे स्टेमन, बाकी ट्रान्सफर कायम. २ चौकट, २ बदाम, २ इस्पिक यांवर मात्र ट्रान्सफर बंद आणि लेबेनसोल, म्हणजे अशा आडव्या बोलीनंतरची आपली करार-पद्धत, सुरू.

याचा गाभा एकाच बोलीत आहे. रिस्पॉन्डरचं (ओपनरच्या भिडूचं) २ नोट्रम्प म्हणजे गेमचं आमंत्रण नव्हे, सक्ती आहे: ओपनरने (१ नोट्रम्प बोलणाऱ्याने) ३ किलवर म्हणायचंच, १७ गुण असले तरी. मग रिस्पॉन्डर किलवर असेल तर पास करतो, नाहीतर आपला रंग सांगून थांबतो. थेट तीनच्या पातळीवर रंग सांगितला तर गेम फोर्सिंग, म्हणजे गेमच्या (बोनस मिळणाऱ्या) बोलीपर्यंत थांबायचं नाही. दोनच्या पातळीवर सांगता येणारा रंग म्हणजे इथेच थांब. आता शत्रूच्या २ बदामवर आपल्याकडे इस्पिक असेल तर तीन वाटा मिळतात: २ इस्पिक कमजोर, २ नोट्रम्पमार्गे ३ इस्पिक आमंत्रण, थेट ३ इस्पिक गेमची सक्ती. शत्रूच्या रंगापेक्षा वरचा रंग असेल तेव्हाच ही मधली वाट असते. २ इस्पिकवर ती नाही, हे टेबलावर हमखास विसरलं जातं.

एक हात बघा. २ इस्पिक आली आहे आणि तुमच्याकडे इस्पिक ७-४, बदाम राजा-६-३, चौकट राणी-दश्शी-९-८-५-२, किलवर ८-४. पाच गुण, पण ३ चौकटमध्ये थांबायला हात छान. २ नोट्रम्प, ३ किलवर, ३ चौकट, पास. बिघडतं कुठे? ओपनरकडे इस्पिक राजा-गुलाम-९ आणि १७ गुण असतात, २ नोट्रम्प त्याला आमंत्रण वाटतं आणि तो ३ नोट्रम्पवर उडी मारतो. दोघांचे मिळून २२ गुण, आणि डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या तुमच्या हातात) चौकट पडून राहते, कारण तिथे जायला बदामच्या राजाशिवाय एन्ट्री (वाट) नाही.

स्टॉपरसाठी (शत्रूचा रंग रोखणाऱ्या पत्त्यासाठी) आमचं सूत्र: २ नोट्रम्पचा वळसा घातला तर स्टॉपर आहे, थेट गेलो तर नाही. इस्पिक ८-५, बदाम एक्का-गुलाम-९-४, चौकट राजा-राणी-७-३, किलवर दश्शी-६-२ या दहा गुणांवर थेट ३ इस्पिक, म्हणजे शत्रूचाच रंग: चार बदाम आहेत, इस्पिक रोखता येत नाही. ओपनरकडे चार बदाम असतील तर ४ बदाम, नाहीतर स्टॉपरवर ३ नोट्रम्प. दोन्ही नसेल तर चारच्या पातळीवर आपला चौकट किंवा किलवर. हाच हात इस्पिकच्या स्टॉपरसह असता तर आधी २ नोट्रम्प, मग ३ इस्पिक. चार बदाम नसतील तर याच नियमाने ३ नोट्रम्प, थेट किंवा वळशाने.

किंमत काय मोजली? २ नोट्रम्पचं खरं आमंत्रण गेलं. आठ गुणांचा सपाट हात अडचणीत येतो, म्हणून डबल आम्ही टेकआउट (भिडूने आपला रंग सांगावा, असा) ठरवला: ८ किंवा जास्त गुण, त्यांच्या रंगात जास्तीत जास्त २ पत्ते. ओपनरकडे त्या रंगाचे चार चांगले पत्ते असतील तर तो पास करून दंड घेतो. शत्रू व्हल्नरेबल (दंड जास्त बसण्याच्या स्थितीत) असताना त्यांना एक दस्त (ट्रिक) कमी पडला तरी २०० मिळतात, आणि मॅचपॉइंटला (तोच डाव खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना होते तिथे) ते बहुतेक पार्टस्कोअरपेक्षा (गेमखालच्या बोलीच्या गुणांपेक्षा) भारी. रिस्पॉन्डरकडेच त्यांचा रंग असेल तर त्याने पास करायचा. त्या रंगाचे दोनच पत्ते असलेला ओपनर डबल करून बोली जिवंत ठेवतो. पेनल्टी (दंडाच्या) डबलपेक्षा ही मांडणी आम्हाला जास्त पटते, कारण दोन पत्त्यांचा हात चार पत्त्यांच्या हातापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो.

सराव असा: ५२ पत्त्यांतून १५ ते १७ गुणांचा सपाट हात काढून ओपनरला द्यायचा, उरलेले ३९ पिसून तिघांना वाटायचे. ओपनरच्या डावीकडच्याला सूचना एकच, पाच पत्त्यांचा रंग असेल तर बोलायचंच. प्रत्येक बोलीनंतर दोघा भिडूंनी अर्थ वेगवेगळ्या कागदावर लिहायचा, डाव संपल्यावर जुळवायचा. पत्ते खेळण्याची गरजच नाही. मेंढीकोट खेळून आलेल्या मंडळींचे पत्ते चोख लक्षात राहतात, त्यांना हाच व्यायाम सर्वात उपयोगी पडतो.

शत्रूला हे सगळं सांगणं आपलं कर्तव्य आहे. २०१७ च्या नियमावलीत कलम ४० प्रमाणे भिडूंमधला गुप्त करार चालत नाही, म्हणून २ नोट्रम्पला अलर्ट (बोलीला खास अर्थ असल्याची सूचना) द्यायचा आणि विचारल्यावर पूर्ण अर्थ सांगायचा. उलट, भिडू पास करण्याआधी रेंगाळला तर त्यावरून काही ठरवायचं नाही; ते कलम १६ मध्ये येतं.

अजून कच्चं आहे ते मल्टी-लँडीचं (१ नोट्रम्पवर आडवं बोलण्याच्या शत्रूच्या एका पद्धतीचं) २ चौकट, म्हणजे बदाम किंवा इस्पिक यांपैकी कुठलातरी एकच लांब रंग. रंगच माहीत नाही तर स्टॉपर कसला दाखवणार? सध्या इथे डबल म्हणजे फक्त ८ किंवा जास्त गुण आणि २ नोट्रम्प म्हणजे ३ किलवरची सक्ती, एवढंच धरलंय. त्यांचा रंग उघडा पडल्यावर आपला दुसरा डबल टेकआउट की दंडाचा, यावर मतभेद आहेत. पुढच्या बैठकांत डावीकडच्याला फक्त २ चौकट बोलायला लावून हाच एक प्रश्न तपासायचा आहे.