दोन रेषांच्या मधलं : तोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड

तोलारखिंडीतून डावीकडे वळलं की थोड्याच वेळात रेलिंग लावलेला कातळ लागतो. शनिवारी सकाळी तिथे रांग होती. रांगेत उभ्याउभ्याच नकाशाचं शीट उघडलं, तेव्हा गटातल्या एका मुलीने विचारलं, "हा कातळ यात कुठे आहे?" या सगळ्या प्रवासातला सर्वांत चांगला प्रश्न हाच. बाकी प्रवास नेहमीचा: रात्री पुण्याहून निघून पहाटे पायथ्याचं खिरेश्वर, जिथे उतरलो त्या घरी चहा-पोहे, आणि उजाडताच चाल. लिहायचं आहे ते त्या प्रश्नाबद्दल.

हरिश्चंद्रगड भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ई/१५ या जुन्या क्रमांकाच्या शीटवर येतो. ७३ अंश ४५ मिनिटांची रेखावृत्तरेषा गडाच्या पश्चिम टोकाच्या कोकणकड्याच्या थोडी पश्चिमेला जाते, त्यामुळे कड्याखालचा कोकण शेजारच्या ४७ ई/११ वर आहे. नळीची वाट, म्हणजे कोकणातून घळीने वर येणारी वाट, करणाऱ्यांनी दोन्ही शीटं घ्यावीत. एकच घेतलं तर चढाईची सुरुवातच कागदाबाहेर जाते. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दोन समोच्चरेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उंचीचं अंतर २० मीटर. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे दोन जाड रेषांमध्ये १०० मीटर.

हे आकडे शाळेच्या भूगोलात पाठ केलेले असतात. डोंगरात उपयोगी पडतो तो यातून निघणारा पुढचा हिशोब. रेषा एकमेकींपासून २ मिलिमीटर लांब असतील तर १०० मीटर चालून २० मीटर चढायचं, साधारण ११ अंश. बैलगाडी वर जाईल. १ मिलिमीटर असेल तर २२ अंश. दम लागतो, पण वाट सरळ चढते. अर्ध्या मिलिमीटरवर रेषा आल्या की ३९ अंश होतात आणि तिथून वाट सरळ जाणार नाही, वळणं घेणार किंवा कातळातून जाणार हे घरीच समजतं. रेषा मोजण्यापेक्षा जाड रेषा बघणं सोपं. दोन जाड रेषा २ मिलिमीटरमध्ये बसल्या असतील तर तिथे सरासरी ४५ अंशांचा चढ आहे.

सरासरी हा शब्द इथे महत्त्वाचा. नकाशा फक्त रेषेवरची उंची सांगतो. ९८० आणि १००० या रेषांच्या मध्ये जमीन काय करते ते तो सांगत नाही. तिथे सलग उतार असेल, किंवा पायरीसारखा सपाट पदर आणि त्याच्या टोकाला अठरा मीटरचा उभा कातळ असेल. दोन्हीची रेघ सारखीच उमटते. याच्याही पुढे जाऊन बघा. ९८१ मीटरवर सुरू होऊन १०१९ मीटरवर संपणारा अडतीस मीटरचा कडा फक्त १००० ची एकच रेषा ओलांडतो. कड्याची वेगळी खूण काढली नसेल, तर कागदावर त्याचा मागमूसही राहत नाही.

सह्याद्रीत हे हिमालयापेक्षा जास्त नडतं आणि त्याला कारण आहे. आपले डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या एकावर एक आडव्या थरांचे आहेत. टणक थराचा कडा होतो, मऊ थराचा पदर होतो. म्हणून आपल्याकडच्या शीटवर रेषा सारख्या अंतराने येत नाहीत. चार-पाच रेषा चिकटून, मग मोकळी जागा, परत चार-पाच चिकटून. खिरेश्वरच्या बाजूने गडाकडे नजर टाकली की पायऱ्यांचा हाच पट्टा डोळ्यांना दिसतो, आणि एकदा तो कागदाशी जुळवला की पुढचा प्रत्येक किल्ला वाचता येतो. मोकळ्या जागा म्हणजे पदर. वाट त्यांच्यावरून आडवी जाते. एका पदरावरून वरच्या पदरावर जायला घळ (उतारातली अरुंद खाच) किंवा सोंड (डोंगराची खाली उतरणारी धार) शोधावी लागते, आणि कातळटप्पे बहुतेक तिथेच भेटतात. रेलिंगचा कातळ नकाशात स्वतंत्र दिसत नाही. दिसते ती चिकटलेल्या रेषांची जागा. एवढं समजलं की "इथे हात लावायला लागणार" हे खिरेश्वरातच सांगता येतं.

घळ आणि सोंड ओळखताना भले भले गोंधळतात. दोन्हीकडे रेषांना टोक येतं. टोक चढाच्या दिशेला असेल तर घळ किंवा ओढा, उताराच्या दिशेला असेल तर सोंड. चढ कुठल्या बाजूला हे जाड रेषेवरच्या आकड्यांवरून ठरवायचं, अंदाजाने नाही. ओढ्याची रेघही मदत करते. बारमाही पाणी निळ्यात असतं, पावसाळी ओढे काळ्यात. काळ्या रेघेला भरवशाचं पाणी समजून बाटल्या कमी घेणाऱ्यांना मार्चनंतर फार त्रास होतो. खिंड मात्र चटकन ओळखू येते: दोन बाजूंना रेषा वर चढत जातात, दोन बाजूंना खाली उतरतात, मध्ये डमरूची कंबर. तोलारखिंड तशीच आहे. सरळ गेलं तर कोथळे गावाकडे उतार, डावीकडे गड.

कातळ संपल्यावर माझी जुनी तक्रार सुरू होते. तिथून गडावरच्या देवळापर्यंत झाडीतून जाणारी वाट शीटवर अगदी सौम्य दिसते, रेषा विरळ आहेत. प्रत्यक्षात टेकडी चढा, उतरा, पुन्हा चढा. यातले बरेच चढउतार वीस मीटरच्या आतले, म्हणून दोन रेषांमध्ये गडप होतात. पंधरा-पंधरा मीटरचे सहा चढ म्हणजे ९० मीटर चढाई, जी रेषा मोजून येतच नाही. विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये दिलेला नियम दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरतो. तो थंड हवेतल्या स्कॉटलंडचा आहे. पाठीवर तंबू आणि डोक्यावर ऊन असेल तर मी तासाला ३०० मीटरच चढ धरतो, आणि अशा लाटालाटांच्या पठारासाठी आणखी अर्धा तास वेगळा ठेवतो. माथ्यावर "आता सपाटच आहे" असं सांगून नवख्यांना पळवणारे लोक मला आवडत नाहीत.

मोबाईलमधल्या उंचीबद्दल वेगळं सांगायला हवं. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता जीपीएस पृथ्वीचा जो गणिती लंबगोल आकार धरतं त्यापासूनची दाखवतात. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे, म्हणून आकडा तेवढाच कमी येतो; मुंबईच्या किनाऱ्यावर उंची उणे दिसते ती यामुळेच. साठ मीटर म्हणजे शीटवरच्या तीन रेषा. गावातल्या किंवा शिखरावरच्या छापील उंचीशी एकदा ताडून फरक लिहून ठेवावा. हवेच्या दाबावरून उंची सांगणारं घड्याळही शिखरावर जुळवावं लागतं, कारण आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. जागेवर बसूनही घड्याळ दुपारपर्यंत वीस-पंचवीस मीटर वर चढतं. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जीपीएसशी थेट जुळवले तर जागा शंभरेक मीटर सरकते, कारण तो नकाशा जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काढलेल्या पृथ्वीच्या जुन्या मापांवर बेतलेला आहे. अरुंद धारेवर शंभर मीटर म्हणजे दुसरी दरी.

आणि छपाई. शीटची पीडीएफ घरी छापताना पानात बसवण्यासाठी आकार बदलला जातो आणि वरचे सगळे मिलिमीटर खोटे ठरतात. पट्टी घेऊन नकाशावरच्या प्रमाणपट्टीवरचा एक किलोमीटर मोजावा. २० मिलिमीटर भरला पाहिजे.

देवळापासून कोकणकडा अर्ध्या-पाऊण तासाचा. तिथे तंबूंची इतकी गर्दी होती की कड्याच्या कडेला बसायला जागा शोधावी लागली. रात्रभर स्पीकर वाजत होते आणि मला त्याचा मनापासून राग आला. पण कडा पाहिला की नकाशाची शेवटची मर्यादाही कळते. समोच्चरेषा उभ्या भिंतीवर एकीवर एक येऊन एक होतात. कोकणकडा तर नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे; वरची कड पायथ्याच्या पुढे आलेली. तो खरा काढायचा तर वरची रेषा खालच्या रेषेला ओलांडून जाईल, आणि तसं काढत नाहीत. म्हणून तिथे तपकिरी रेषा तुटतात आणि कातळाची खूण येते. कड्याची उंची हवी असेल तर खुणेच्या वरची पहिली रेषा आणि खालची पहिली रेषा वाचून वजाबाकी करायची, आणि चूक वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना वीस-वीस मीटर धरायची. ॲपमधल्या रेषा इथे आणखी फसव्या. त्या बऱ्याचदा २००० सालच्या रडार मोजणीतून येतात, साधारण तीस मीटरच्या चौकटीची एकच उंची धरून. उभी भिंत तिथे चढता येईल अशा उतारासारखी दिसते. त्या रेषा बघून कड्याच्या बाजूने कोणी शॉर्टकट शोधू नये.

उतरताना पाचनई गावाची वाट धरली, दुपारी पिठलं-भाकरी. जेवणानंतर त्या मुलीने शीट मागून घेतलं आणि चिकटलेल्या रेषांच्या त्या जागी पेन्सिलीने लिहिलं: कातळ, रेलिंग, सकाळी रांग.