ठाण्याहून उरण, आणि न मिळालेली लाँच

बेत साधा होता. ठाण्याहून लोकलने नेरुळ, तिथून उरण, दिवसभर भटकायचं, संध्याकाळी उरणच्या मोरा बंदराहून लाँचने मुंबईत भाऊचा धक्का आणि मग डॉकयार्ड रोडहून कुर्ला करून घरी. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही, हा माझा हट्ट. सोबत सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, माहेर रेवदंड्याचं, लाँचमध्ये पाय ठेवून तीसेक वर्षं झालेली. नवऱ्याने "पावसात कशाला?" एवढंच विचारलं आणि कूस बदलली.

आदल्या रात्री मी छत्र्या, नॅपकिन, पॉवर बँक काढून ठेवत होते, तेव्हा आईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "उद्या तिथी कोणती गं?" मला वाटलं, उपासाचं विचारताहेत. "अमावास्या आज संपते, उद्या प्रतिपदा. उपास नाही काही." "हं," त्या म्हणाल्या. हे "हं" लक्षात ठेवा.

गाडीने का गेलो नाही, असं विचाराल तर एकच शब्द: विटावा. जूनच्या अखेरीस नवी मुंबईच्या वाटेवरच्या त्या रेल्वे पुलाखाली किती पाणी असेल याचा अंदाज घरी बसून करता येत नाही, आणि तिथे पोचल्यावर केला तर उपयोग नसतो. ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल, ते सगळं टाळून सरळ निघून जाते. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर जायला मात्र आख्खं ठाणे स्टेशन ओलांडावं लागतं. पावसात त्या पुलावर छत्री मिटावी की उघडी ठेवावी हे आजवर कुणी ठरवलेलं नाही. मिटली तर छपराच्या कडेचं पाणी मानेत, उघडी ठेवली तर तिची काडी पुढच्याच्या केसांत. मी मिटली. आईंनी उघडी ठेवली आणि चौघांचे शिव्याशाप हसत हसत घेतले.

डब्यात बसायला मिळालं, खिडकीही मिळाली, पण काच खाली येईना. बोटभर फट राहिली. बोटभर म्हणजे किती, ते खाडीवर गाडी आल्यावर कळतं. वारा थेट अंगावर, आणि पाणी अगदी नेमकं माझ्याच उजव्या मांडीवर. आईंनी पिशवीतून दुधाची धुतलेली पिशवी काढली, तिची घडी घातली आणि फटीत कोंबली. गळती बंद. त्यांच्या पर्समध्ये अशा सात-आठ पिशव्या कायम असतात आणि मी त्यावरून त्यांना अनेकदा हसले आहे.

आता कामाचं. उरणच्या गाड्या काही नेरुळहून सुटतात, काही बेलापूरहून. ठाणे-पनवेल लोकल दोन्हीकडे थांबते, तेव्हा पुढची गाडी कुठून आहे ते ॲपवर आधीच बघा आणि तिथे उतरा. या गाड्या आपल्या मेन लाइनसारख्या चार-चार मिनिटांनी नसतात, एक चुकली की तासभर गेला असं धरून चाला. आमची चुकली. दोष पूर्णपणे माझा; ठाण्याला "दोन वडे बांधून घेऊ" मीच म्हटलं होतं. तिकीट थेट ठाणे ते उरण मिळतं, नेरुळला परत रांग लावायची गरज नाही. परतीचं आधी काढू नये, लाँचने यायचंय तर कशाला, असा मी विचार केला. तो विचार मला संध्याकाळी उरण स्टेशनच्या रांगेत सविस्तर आठवला.

नेरुळच्या बाकावर तासभर बसून वडे संपवले. पाऊस थांबला होता. छत्र्या सुकत घातल्या की तो पुन्हा सुरू झाला.

उरणची गाडी मात्र सुखाची. रिकामी, स्वच्छ, दोन्हीकडे हिरवंगार. खारकोपरपर्यंत रेल्वे २०१८ सालीच आली होती, पुढे उरणपर्यंत यायला १२ जानेवारी २०२४ उजाडलं. त्याच दिवशी अटल सेतू सुरू झाला आणि आमच्याकडचं दिघा गाव स्टेशनही. सेतूवर मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडतात. आम्ही दोघी त्याच्या कितीतरी कमी पैशांत समुद्राच्या अलीकडून गेलो.

समोर द्रोणागिरीला उतरणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर अळूच्या पानांची जुडी. आईंनी पानांची चौकशी केली आणि पाच मिनिटांत दोघी जमिनीच्या भावावर पोचल्या. बाई म्हणाल्या, "आमचा साडेबाराचा प्लॉट हाय." बाहेरून आलेल्यांना हा हिशेब कळत नाही म्हणून सांगते. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या भागात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज खिडकीतून दिसतात ते कंटेनरचे ढीग. निळे, लाल, गंजके, मैलोगणती. "हितं आमचं भात व्हतं," असं बाईंनी ज्या दिशेला बोट दाखवून सांगितलं तिथे पिवळी क्रेन उभी होती. शेमटीखार, न्हावा शेवा ही नावं गाडीतल्या घोषणेत ऐकताना त्यानंतर मला जरा वेगळंच वाटत राहिलं. बाईंनी उतरताना चार पानं आईंना दिली.

उरण स्टेशन गावाच्या जरा बाहेर आहे, रिक्षा लागतेच. भाडं बसण्याआधी ठरवा. आम्ही पीरवाडीच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा साडेबारा होत आले होते आणि समुद्र बंधाऱ्यावर धडका देत होता. पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात उतरूही नका, बंधाऱ्याच्या कडेला फोटोसाठीही नको. एक लाट फुटली आणि तिचं पाणी रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपर्यंत गेलं. माझी तीन घड्यांची छत्री त्याच वाऱ्यात उलटी झाली. अशा छत्र्या ऑफिसच्या गेटपासून रिक्षापर्यंतच्या अंतरासाठी असतात. समुद्रावर जायचं तर आईंसारखी लांब दांड्याची काळी आणावी, नाहीतर सरळ रेनकोट.

"काय उधाण आहे," मी म्हटलं. "असणारच," आई म्हणाल्या. एक वाजायला आला होता. मी तेव्हाच बोटं मोजायला हवी होती.

जेवण एका घरगुती खानावळीत. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते, त्यामुळे पापलेट-सुरमई जिथे मिळेल तिथे ती बर्फातली असते हे ओळखून घ्या. या दिवसांत मागायची ती चिवणी. पहिल्या पावसात खाडीत मिळते, गाबोळीने भरलेली, आणि काटे सांभाळून खावी लागते. आईंनी ताटातल्या कालवणाला नुसता वास घेऊन पसंती दिली. त्यानंतर अर्धा तास आमच्यात संभाषण झालं नाही.

मग बाजार. तिथे सुकी मासळी घेतली नसती तर परतीचे दोन तास सुखाचे गेले असते. आईंनी सुके बोंबील घेतले, जवळा घेतला, आणि विकणारीने ते वर्तमानपत्रात बांधून पातळ पिशवीत घातले. बाजारात सगळीकडेच तो वास असल्याने जाणवला नाही.

पाच वाजता मोऱ्याला पोचलो. समोर घारापुरी, तिच्या डोंगरावर ढग टेकलेला. तालुका उरणच, आणि समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज पोचली ती थेट २०१८ मध्ये. सुंदर दृश्य. फक्त त्या दृश्यात पाणी नव्हतं. धक्क्याच्या दोन्ही अंगांना करडा चिखल पसरलेला, त्यात होड्या कुशीवर कललेल्या, आणि निवटे मासे टुणटुण उड्या मारत होते. तिकिटाच्या खिडकीशी बसलेला मुलगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "पाणी उतरलंय, मावशी. आता रात्रीशिवाय लाँच लागत नाय."

"पण वेळापत्रकात साडेपाचची आहे," मी म्हटलं. त्याने मान उचलली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

आई बाकावर बसल्या. "मी तिथी विचारली होती की," त्या म्हणाल्या.

तर नियम असा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, आणि त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तशीच रोज पाऊण तास पुढे सरकते, एवढंच त्यातलं गणित. शाळेत मीही शिकले होते आणि परीक्षेनंतर विसरले. मुंबईकडे प्रत्यक्षातली भरती या हिशेबापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने उशिराही असते, तेवढी सूट ठेवा. म्हणजे प्रतिपदेला दुपारी एकच्या आसपास भरती, सातच्या आसपास ओहोटी. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. मोऱ्याचं बंदर गाळाने भरलेलं, त्यामुळे अशा दिवसांत तळ गाठला की लाँच धक्क्याला लागूच शकत नाही, दोन-तीन तास सेवा थांबते. दुपारी ज्या उधाणाचे मी व्हिडिओ काढले, तेच पाणी संध्याकाळी माझ्या पायाखालून निघून गेलं होतं.

सप्तमी-अष्टमीच्या सुमारास जा, भरती-ओहोटीत फारसा फरक नसतो. आणि निघण्याआधी बंदरावर चौकशी करा, कारण तिथी जमली तरी धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की पाणी असूनही लाँच बंद. गेटवे-मांडव्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, ही मात्र चालू असते, म्हणून लोक गृहीत धरतात. मीही धरलं.

रात्रीपर्यंत थांबायची आईंची तयारी होती. माझी नव्हती. पुन्हा रिक्षा, पुन्हा तिकिटाची रांग, पुन्हा चाळीस मिनिटं प्लॅटफॉर्म. गाडीत पाऊस सुरू झाला, सगळ्यांनी खिडक्या बंद केल्या, आणि मग बोंबलांनी डब्याचा ताबा घेतला. पलीकडच्या बाकावरची मुलगी आधी स्वतःची सँडल हुंगून बघू लागली, मग तिने मैत्रिणीकडे संशयाने पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, बाहेर काही दिसत नव्हतं. आईंनी शांतपणे पर्समधून उरलेल्या सगळ्या दुधाच्या पिशव्या काढल्या आणि पुडक्यावर एकावर एक चढवल्या. वास तसाच राहिला. सुकी मासळी घ्यायची असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरून न्या, दुसरं काही चालत नाही.

पावणेदहाला घरी. नवऱ्याने दार उघडलं आणि काही न बोलता गॅलरीकडे बोट दाखवलं. पुडकं गॅलरीत गेलं. अळूची चार पानं फ्रिजमध्ये गेली. तेव्हा लक्षात आलं की लांब दांड्याची काळी छत्री मोऱ्याच्या बाकावरच राहिली.

मी जेवायला घेईपर्यंत आई भिंतीवरचं कालनिर्णय काढून चष्मा लावून बसल्या होत्या.

"पुढच्या शनिवारी बघू या का, आई? अष्टमी येते."

"शनिवार कशाला धरून बसलीस? षष्ठी गुरुवारी आहे. साडेचारला भरती. रजा टाक."