नक्कल म्हणून हिणवलेली दुनळी

जुन्या दुनळी बंदुकांचा नाद असलेली माणसं सोलापुरात फार नाहीत, पण जी आहेत ती पक्की आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं एक मत ठरलेलं आहे की रिप्रॉडक्शन, म्हणजे जुन्या मॉडेलवरून नव्यानं बनवलेली हुबेहूब बंदूक, ही नक्कल आणि नक्कल म्हणजे विषय संपला, तिच्याकडे बघायचं पण नाही. मला हे पटत नाही. आमची बैठक बसली की दर वेळी यावरून वाजतं, तिथं बोलायला नीट मिळत नाही, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

वादाच्या मुळाशी बहुतेक वेळा पार्कर असते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या मेरिडेन गावात पार्कर ब्रदर्सचा कारखाना होता. १८६० च्या दशकापासून त्यांनी दुनळ्या बनवल्या, १९३४ मध्ये रेमिंग्टननं कंपनी विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन बंद पडलं. सगळ्या मिळून साधारण २ लाख ४२ हजार बंदुका बनल्या, बस्स. पुढं चाळीसेक वर्षं नवीन पार्कर बाजारात आली नाही आणि जुन्यांचे भाव चढतच गेले. मग १९८४ मध्ये एका अमेरिकन शौकिनानं जपानमधल्या ओलिन कोडेन्शा कारखान्यात हुबेहूब पार्कर बनवून घ्यायला सुरुवात केली, पार्कर रिप्रॉडक्शन या नावानं. हा कारखाना आधीपासून विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या चांगल्या बंदुका बनवत होता, म्हणजे हात तयार होता. जुन्या बंदुका सुट्या करून, मापं घेऊन काम केलं, आणि जाणकार सांगतात की बरेच पार्ट जुन्या पार्करला पण बसतात. १९८९ च्या आसपास हे पण थांबलं.

आता कलेक्टर लोकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, त्यात दम आहे. जुन्या बंदुकीत ते बघतात ते आधी मूळ फिनिश. ॲक्शनवर, म्हणजे नळ्या जिथं येऊन बसतात त्या मधल्या पोलादी भागावर, जे निळे-तपकिरी ढगाळ रंग असतात ना, ते रंगवलेले नसतात, हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पोलादी भाग गच्च भरून भट्टीत तापवायचा आणि एकदम पाण्यात सोडायचा, त्यातून पृष्ठभाग कडक होतो आणि हे रंग उमटतात. हाताच्या घामानं, घासण्यानं, उन्हानं ते हळूहळू उडतात, म्हणून शंभर वर्षांनी ते किती शिल्लक आहेत यावर किंमत ठरते. कोणी हौसेनं पुन्हा पॉलिश करून चकाचक केली की ती बंदूक कलेक्टरच्या लेखी मेली. तेव्हाच्या कारागिराच्या हातचं जे होतं ते गेलं, आणि ते परत आणता येत नाही. नव्या बंदुकीत ही गोष्ट मुळातच नाही, हे मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेला शिकारीला गेला तेव्हा ए. एच. फॉक्स कंपनीची एक दुनळी बरोबर होती, ती २०१० मध्ये लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली. फॉक्स बंदुका आज पण नव्यानं बनतात, कनेक्टिकट शॉटगन नावाची कंपनी १९९० च्या दशकापासून बनवतेय आणि काम इतकं सुंदर करते की शेजारी शेजारी ठेवल्या तर नवीवरची नजर हटणार नाही. पण त्या नव्या फॉक्सला कोणी ८ लाख डॉलर देणार का? नाही. कारण ते पैसे पोलादाचे नव्हतेच, बंदूक कोणाच्या हातात होती त्याचे होते.

इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर. पण इथून पुढं ते म्हणतात की म्हणून रिप्रॉडक्शन कमअस्सल, फसवी, तिथं माझं डोकं फिरतं.

फसवी कशी? नावातच रिप्रॉडक्शन लिहिलंय, घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की जपानला बनली. फसवी बंदूक कशी असते ते मी बघितलंय. बार्शीकडं आमच्या नात्यातले एक अण्णा आहेत, त्यांच्याकडं वडिलोपार्जित बारा बोअर आहे, लायसन्सवर डीबीबीएल, म्हणजे मागून काडतूस भरायची दुनळी, अशी नोंद, आणि घरात सगळ्यांना पाठ की ही वेस्टली रिचर्ड्स या नामांकित कंपनीची, इंग्लंडची. मी बघायला मागितली. आधी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते बघितलं, मग पुढचं लाकूड काढलं, नळ्या ॲक्शनपासून वेगळ्या केल्या आणि उजेडाला धरून खालची सपाट बाजू पुसली. वर दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव होतं डब्ल्यू. रिचर्ड्स, आणि खाली एका अंडाकृती चौकटीत ईएलजी अशी बारीक अक्षरं, डोक्यावर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुका तपासून पास करणाऱ्या संस्थेचा, शिक्का. त्या काळी लिएजचे कारखाने स्वस्त बंदुका बनवून वर असं मिळतंजुळतं नाव ठोकायचे, गिऱ्हाइकानं वेस्टली रिचर्ड्स समजून घ्यावी म्हणूनच. असला माल जगभर गेला, आपल्याकडं पण आला.

मी म्हटलं, "अण्णा, ही इंग्लंडची नाही, बेल्जियमची आहे."

त्यांनी शिक्का नीट बघितला आणि म्हणाले, "असू दे की. माझ्या वडलांनी हिच्यावर रानडुकरं हाकलली, पीक वाचलं. पण नाव खोटं टाकायला नको होतं बघ त्यांनी."

माझं सगळं म्हणणं हेच आहे. आणि गंमत अशी की ती बेल्जियमची बंदूक शंभरीच्या घरात गेली म्हणून आमचे कलेक्टर तिला अँटिक म्हणून हातात घेऊन कौतुक करतील, आणि जी स्वतःचं नाव उघड सांगते तिला नक्कल म्हणून बाजूला सारतील. सोलापूरच्या माणसाला तर हे चटकन कळायला पाहिजे. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, तरी बाहेर कुठंतरी विणलेली चादर सोलापुरी म्हणून रस्त्यावर विकली जाते तेव्हा आपला संताप होतो तो चादर दुसऱ्या गावात विणली म्हणून नाही, आपलं नाव लावलं म्हणून होतो.

आणि वापराचं काय? अमेरिकेत १९९१ पासून बदकांच्या शिकारीला शिशाचे छर्रे देशभर बंद झाले. त्याऐवजी पोलादी छर्रे आले. ते कडक, जुन्या मऊ पोलादाच्या आणि टोकाला घट्ट चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या केलेल्या, नळ्यांना ते सोसत नाहीत, नळी बिघडते. म्हणजे अस्सल पार्कर कपाटात आणि हातात दुसरीच कुठलीतरी बंदूक. पार्कर रिप्रॉडक्शनवाल्यांनी पोलादी छर्ऱ्यांसाठी वेगळ्या नळ्यांची बंदूकच काढली होती. २८ गेजचं, म्हणजे बारा बोअरपेक्षा बारीक नळीच्या बंदुकीचं, पण तसंच. जुन्या पार्करमध्ये २८ गेज फार थोड्या बनल्या, त्यांना हात लावायची सामान्य माणसाची ऐपत नाही. रिप्रॉडक्शननं ती छोटी, हलकी, खांद्याला लावली की आपोआप निशाणावर येणारी बंदूक साध्या शौकिनाच्या हातात दिली. बंदूक चालवायलाच बनवलेली असते, आणि चालवता येणारी हुबेहूब प्रत ही माझ्या मते मूळ कारागिराचा मान आहे, अपमान नाही.

शिवाय अस्सल-नक्कल ही रेघ आपण समजतो तितकी सरळ नाही. फ्रेडरिक बीस्लीनं १८८० मध्ये पेटंट घेतलेली ॲक्शन लंडनची पर्डी कंपनी आजपण वापरते, कालच तयार झालेली असली तरी तिला कोणी प्रत म्हणत नाही कारण दुकान तेच आहे. स्पेनच्या एइबार गावातली आया कंपनी लंडनच्याच हॉलंड अँड हॉलंड कंपनीच्या धाटणीवर साइडलॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा बाजूच्या पत्र्यांवर बसवलेल्या बंदुका, बनवते, स्वतःच्या नावानं विकते, आणि खुद्द इंग्लंडमधले शिकारी कित्येक वर्षं त्या घेतायत. कॉपीच ना ती? पण आयाला आज कोणी हसत नाही. उघडपणे, चांगलं काम करत राहिले आणि मान मिळवला.

आपल्याकडं हा सगळा विषय काचेपलीकडूनच बघायचा. परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्याआधी जे आलं तेच फिरतंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका सामान्य माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. शिकार तर १९७२ च्या कायद्यानं गेली, आणि बरं झालं गेली, नान्नजचा माळढोक बघा कुठं येऊन ठेपलाय. त्यामुळं आपल्याकडं कलेक्टर म्हणजे ज्याच्या घरात आजोबांची एखादी इंग्लिश दुनळी आहे तो, किंवा माझ्यासारखा, जो अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय पुन्हा पुन्हा बघायला जातो. हाताळायला न मिळणाऱ्या गोष्टींबद्दल आपली मतं जरा जास्तच कडक होतात असं मला वाटतं.

तिकडं अमेरिकेत मात्र वारं बदललंय. पार्कर रिप्रॉडक्शन बंद होऊन पस्तीसेक वर्षं झाली, आता त्यांचेच कलेक्टर तयार झालेत. मूळ पेटी आहे का, कागद आहेत का, ॲक्शनवरचे रंग किती राहिलेत, दस्त्याचं लाकूड कोणी घासलंय का, हे सगळे प्रश्न आता या जपानी बंदुकीबद्दल विचारले जातायत आणि न वापरलेल्या २८ गेजला चांगला भाव मिळतो. पुढच्या बैठकीत मी हेच विचारणार आहे, की ती नक्कल असेल तर तिची अस्सल पेटी लोक कशाला शोधतायत.