बटव्यातले पाच पैसे

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो एक ऑफ तास. १९८२ चा पावसाळा, मी आठवीत. गणिताचे सर आले नव्हते. हिंदीच्या बाई खाकी कव्हरचं एक पुस्तक घेऊन आल्या आणि प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचायला लागल्या. कौलांवर पाऊस एवढा वाजत होता की मागच्या बाकांना ऐकू जाईना, तेव्हा बाईंनी सगळ्यांना पुढं फरशीवर बसवून घेतलं.

चार-पाच वर्षांचा हामिद. आई-वडील दोघंही वारलेले, पण आजी अमीनानं त्याला सांगितलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत, थैल्या भरून आणतील. बाईंनी हे वाचलं आणि माझ्या घशाशी आवंढा आला. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. जानेवारीत संप सुरू झाला, मनीऑर्डर थांबली. पोस्टमन दारावरून तसाच पुढं जायचा. मी नि धाकटा भाऊ गावी आजीपाशी, आणि आजीही आम्हाला असंच काहीबाही सांगायची.

ईदच्या मेळ्यात बाकीची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण रोट्या भाजताना आजीची बोटं पोळतात. त्या संध्याकाळी मी चुलीपुढं बसून आजीचा हात बघत राहिले. भाकरी तव्यावरून काढून ती निखाऱ्याला उभी लावायची आणि दोन बोटांनी फिरवायची. अंगठ्याची कातडी काळी, राठ झालेली. मी तिला गोष्ट सांगितली. चिमट्यापाशी आले की ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, “म्हंजी दुपारपातूर पोरगं उपाशीच फिरलं व्हय?”

पुढं कॉलेजात मी ती गोष्ट स्वतः वाचली. चिमटा बघून अमीनाही आधी तेच म्हणते: दुपार झाली, पोटात काही नाही, आणि आणलंस काय तर चिमटा! बाईंनी हे वाचलं असणारच, माझंच लक्ष नव्हतं. अक्षरओळख नसलेली माझी आजी मात्र थेट तिथं पोचली होती.

प्रेमकथाही खूप वाचल्या. अमेरिकन लेखक ओ. हेन्रीच्या गोष्टीतली डेला केस विकून नवऱ्याच्या, जिमच्या घड्याळासाठी साखळी आणते, आणि त्यानं तिच्या केसांसाठी फण्या घ्यायला घड्याळच विकलेलं असतं. मैत्रिणी हळहळल्या, मला हेवा वाटला. संपात आईचं डोरलं सोनाराकडं गेलं ते परत आलंच नाही, आणि आई-वडील त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत. डेला आणि जिम निदान सांगून तरी टाकतात.

गेल्या दिवाळीत ‘ईदगाह’ पुन्हा उघडली, पण चिमट्यापर्यंत गेलेच नाही. सुरुवातीलाच अडले. अमीनाला शिवणाचे आठ आणे मिळाले होते, त्यातले बरेचसे गवळणीला द्यावे लागले. उरले दोन आणे, म्हणजे तेव्हाचे आठ पैसे. तीन पैसे हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. त्यात तिला सण करायचाय, आणि धोबीण, न्हावीण, कासारीण सगळ्या शेवयांसाठी दारात येणार आहेत. आठवीत हे पाच पैसे मला ऐकूच आले नव्हते.

त्या वर्षी गावच्या जत्रेला आजीनं चंचीतून काढून मला एक रुपया दिला होता. मी लाल रिबीन घेतली, बर्फाचा गोळा खाल्ला. चंचीत मागं किती उरले, ते मी विचारलं नव्हतं.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९८५