थोडे आणि थोडेच

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासची संध्याकाळची बॅच सातला बसते. त्या दिवशी सव्वासहालाच दारात एकजण उभा. चेहरा ओळखीचा, नाव काही आठवेना. चार वर्षांपूर्वीच्या बॅचचा मुलगा. आता शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला असतो. शर्टावर फाउंड्रीची काळी धूळ तशीच होती, म्हणजे घरी न जाता थेट आला होता.

"मॅडम, जरा दाखवायचं होतं," म्हणाला आणि पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक प्रिंट काढलेला मेल, दुसरी माझ्या क्लासची वही.

मेल परदेशातल्या पार्टीचा. त्यांनी विचारलं होतं, कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, या लॉटमध्ये ब्लो होल आहेत का? वाळूत ओल राहिली की वाफ, गॅस धातूत अडकतो आणि पोकळ छिद्र राहतं, ते ब्लो होल. ते कातडीखाली असलं तर वरून दिसत नाही, मशिनिंग केलं की तोंड उघडतं. या पठ्ठ्यानं पाच-सहा पीस कापून बघितले होते. दोघांत छिद्रं सापडली. मग त्यानं अगदी प्रामाणिकपणे कळवलं : "सर, देअर आर फ्यू ब्लो होल्स. प्लीज ॲडव्हाइज."

तिकडून उत्तर : "फाइन. प्लीज डिस्पॅच."

याला वाटलं, पार्टीला चालतंय. माल गेला. दीड महिन्यानं डेबिट नोट आली, म्हणजे खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, लॉट खराब होता तर कळवलं का नाहीस?

"मी कळवलं हुतं मॅडम. लिहिलंय न्हवं, फ्यू ब्लो होल्स हायत म्हणून?"

मी मेल दोनदा वाचला. त्यानं लिहिलं होतं, छिद्रं फारशी नाहीत. नुसत्या 'फ्यू'चा इंग्रजीत तोच अर्थ होतो : नसल्यातच जमा. त्याला म्हणायचं होतं 'अ फ्यू', म्हणजे काही आहेत, बघून घ्या. मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं वही पुढे सरकवली. पान उघडूनच आणलं होतं. माझ्या डिक्टेशनचं. 'फ्यू – थोडे (मोजता येणारे).' खाली त्याचं उदाहरण : 'देअर आर फ्यू बॉइज इन द क्लास – वर्गात थोडी मुलं आहेत.' आणि शेजारी लाल पेनानं बरोबरची खूण. माझी.

खोटं कशाला बोलू, 'अ फ्यू' मला येत नव्हतं असं नाही. शिकवायचं मी टाळत होते. दर बॅचला कुणीतरी हात वर करायचं : मॅडम, मुलं अनेक, मग 'अ' कसा? 'अ' तर एकाला लावतात ना? पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून सोपं करायच्या नावाखाली तो 'अ' मी गाळूनच टाकला होता.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. तो इतका अवघडला, की उलट मलाच पाणी आणून दिलं.

मग त्याला विचारलं, "साहेबांना मराठीत सांगायचं असतं, तर काय म्हणाला असतास?"

"ब्लो होल थोडी हायत, म्हटलं असतं."

"आणि काळजीचं कारण नसतं तर?"

"थोडीच हायत." म्हणाला आणि थांबला. "हां... त्यो 'च' ऱ्हायला व्हय?"

इतकी वर्षं मी जे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात शोधत होते, ते याच्या तोंडात होतं. टाकीत पाणी थोडं आहे म्हटलं, तर आंघोळ उरकून घेता येते. थोडंच आहे म्हटलं, की बादली जपून. 'अ लिटल' आणि 'लिटल' यांचंही अगदी असंच. आपण 'च' लावून कमीपणा दाखवतो, इंग्रजी 'अ' काढून दाखवते.

सातची बॅच येऊन बसली, तोही मागच्या बाकावर बसला. ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि 'आहे' आणि 'किती' एवढ्यावरच तास घेतला. 'देअर'ला 'तिथे' म्हणायची खोड सगळ्यांनाच असते. 'देअर इज अ बुक ऑन द टेबल' याचं 'तिथे टेबलावर पुस्तक आहे' हमखास होतं. त्यांना म्हटलं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता ना, तसा हा 'देअर'. इंग्रजीला वाक्यात कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली चालत नाही, म्हणून रुमाल. 'इज' की 'आर' हे रुमालावरून ठरत नाही, मागून बसायला कोण येतंय त्यावरून ठरतं. पुस्तक एक तर 'इज', पुस्तकं चार तर 'आर'.

'किती'पाशी मात्र वर्ग रंगला. आपलं 'किती' दुधालाही चालतं आणि म्हशींनाही. इंग्रजीत दुधाला 'हाऊ मच', म्हशींना 'हाऊ मेनी'. पण काय मोजायचं आणि काय नाही, हे दोन्ही भाषांनी आपापलं ठरवलेलं. आपण पैसे म्हणतो, पोहे म्हणतो, तांदूळ निवडले म्हणतो, केस गळाले म्हणतो. इंग्रजीत मनी, राइस, हेअर सगळे एकवचनात. मार्केट यार्डात वडिलांची गुळाची अडत असलेली एक मुलगी म्हणाली, "मग गुळाचं काय? आमच्याकडं तर रवे मोजतात." बरोबर. रवा म्हणजे गुळाची ढेप. गुळाला 'हाऊ मच', रव्यांना 'हाऊ मेनी'. इंग्रजांचाही गोंधळ झालाय म्हणा. मटाराला पूर्वी एकवचनातच 'पीझ' म्हणत. शेवटचा 'झ' अनेकवचनाचा समजून लोकांनी त्यातून 'पी' हा एक दाणा वेगळा काढला.

तास संपल्यावर क्वालिटीवाला थांबला. पुढचा मेल आम्ही दोघांनी मिळून लिहिला. त्याला म्हटलं, तुमच्या कामात फ्यू नको आणि अ फ्यूही नको, सरळ आकडा घाल : किती पीस कापले, किती पिसांत निघालं. डेबिट नोटेचं काय होईल, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

तो गेल्यावर नवीन बॅचच्या नोट्स आठवल्या. झेरॉक्सच्या ४० प्रती आदल्याच दिवशी काढून आणल्या होत्या. गठ्ठा सोडला, लाल पेन घेतलं, आणि पान सातवर, 'फ्यू – थोडे'च्या पुढे, एकेका प्रतीवर हातानं 'च' लिहीत बसले.